दर्शन झालं, यात्रा झाली का?

काशीहून परत आलेल्या माणसाला आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दर्शन नीट झालं ना?" उत्तरही ठरलेलं. "झालं, पण रांग फार होती." नाहीतर, "ओळखीतून सोय झाली, अर्ध्या तासात बाहेर." यात्रा म्हणजे दर्शन आणि दर्शन म्हणजे रांग, हे आपण आता धरूनच चालतो. दीडशे वर्षांपूर्वी काशीला गेलेल्या एखाद्या पणजोबांना हे संभाषण चमत्कारिक वाटलं असतं. त्यांच्या लेखी देवाचं दर्शन हा यात्रेतला एक टप्पा होता. त्याच्या आधी आणि नंतर करायच्या गोष्टींची यादी बरीच लांब होती, आणि त्यातली एखादी चुकली तर यात्रा अधुरी राहिल्याची रुखरुख लागायची.

ती यादी काय होती आणि कशासाठी होती, हे कळलं की हिंदू उपासनेत यात्रेला एवढं महत्त्व का, हेही बरंचसं उलगडतं. त्यासाठी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जिचं नाव निघतं ती त्रिस्थळी यात्रा घेऊ. त्रिस्थळी म्हणजे प्रयाग, काशी आणि गया.

आधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. हिंदू माणसावर यात्रेची सक्ती नाही. घरात देव्हारा आहे, त्यात कुळाचे टाक आहेत, दारात तुळस आहे. जन्मभर गाव न सोडता रोजची पूजा करणारा माणूस उपासनेत कुठे कमी पडतो, असं कुणी म्हणत नाही. शिवाय देव चराचरात आहे असं एकीकडे म्हणायचं आणि दुसरीकडे अमक्याच नदीत बुडी मारायला हजार मैल जायचं, यात विसंगती आहेच. हा आक्षेप आधुनिक मंडळींनी शोधून काढला असं वाटत असेल तर तसं नाही. परंपरेच्या आतच तो फार आधी घेतला गेला आहे, आणि त्याची उत्तरंही तिथेच सापडतात.

पहिलं उत्तर महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि ते चक्क पैशांचं आहे. पांडव वनवासात असताना नारद युधिष्ठिराला तीर्थांचं माहात्म्य सांगतो. पुलस्त्य ऋषींनी भीष्मांना जे सांगितलं होतं तेच तो पुन्हा सांगतो. यज्ञाला सामग्री लागते, माणसं लागतात, धन लागतं, तेव्हा यज्ञ राजांना आणि श्रीमंतांना परवडतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय करावं? त्याने तीर्थाला जावं. त्याचं पुण्य यज्ञाहूनही मोठं आहे. पण लगेच एक अट येते. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत, त्यालाच तीर्थाचं फळ मिळतं. पुढे पांडव खरोखर निघतात तेव्हा लोमश ऋषी युधिष्ठिराला पहिला सल्ला देतात तो लवाजमा कमी करण्याचा. हलका हो, म्हणजे हवं तसं फिरता येईल. राज्य गेल्यावरही ज्याच्यामागे माणसांचा तांडा चालतो आहे, अशा राजाला हे सांगावं लागतं, ही मला त्या प्रकरणातली सर्वांत मजेची जागा वाटते.

म्हणजे यात्रा ही सामान्य माणसाची मोठी उपासना ठरली. वेदोक्त कर्मांचा अधिकार ज्यांना नाकारला होता, त्या स्त्रियांना आणि शूद्रांनाही शास्त्रकारांनी तीर्थ मोकळं ठेवलं. निदान ग्रंथात. गावात चित्र वेगळं होतं. पंढरपूरला चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीशी आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 मध्ये सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. विठ्ठलाच्या देवळात सगळ्यांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. तीर्थ सगळ्यांचं असतं हे वाक्य लिहिताना या तीन गोष्टी विसरता येत नाहीत.

आता मूळ यादीकडे. यात्रेची सुरुवात घरातच होते. निघण्याआधी उपवास, गणेशपूजन, पितरांना विचारून निघावं तसं एक श्राद्ध आणि संकल्प. वाटेत एकभुक्त राहायचं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, जमिनीवर निजायचं, कुणाकडून दान घ्यायचं नाही. हे नियम वाचताना लक्षात येतं की माणसाला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलायचा हा बेत आहे. घरात तो कुणाचा तरी मालक, कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी देणेकरी असतो. वाटेवर तो नुसता यात्रेकरू असतो. घरचा देव कितीही जागृत असला तरी हे काम घरी बसून होत नाही, कारण घरात घर सुटत नाही.

जुन्या काळी तर घर सुटायचं ते कदाचित कायमचंच. पुण्याहून काशीला जाऊन यायला वर्ष सहज लागे. वाटेत रोगराई, लूटमार, नदीचे पूर. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये काशीयात्रेला निघाल्या तेव्हा उदयपूर आणि जयपूरच्या दरबारांनी त्यांची बडदास्त ठेवली, त्या यात्रेचं राजकारणही झालं. पण तो मान पेशव्यांच्या आईचा. इतरांना आधार शोधावा लागे. पानिपताच्या मोहिमेत सैन्याबरोबर यात्रेकरूंचा मोठा जमाव होता, त्याचं कारण हेच. सशस्त्र सोबत मिळते आहे, तेवढ्यात उत्तरेतली तीर्थं पदरात पाडून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय वाटेवर यात्राकर असे. प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरीला हा कर कंपनी सरकारही घेत होतं, तो 1840 मध्ये उठला. मग 1870 मध्ये मुंबई ते कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला आणि वर्षाची वाट दिवसांवर आली. सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा "मुलगी देतो, जाऊ नकोस" म्हणून त्याला परत फिरवतो, हा विधी आज गमतीचा वाटतो. काशीला निघणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत होतं त्यांना मामाची विनवणी एवढी गमतीची वाटली नसेल.

प्रयागला पोचल्यावर पहिलं काम क्षौराचं. उत्तरेत एक म्हण आहे, प्रयाग मुंडे, काशी ढुंढे, गया पिंडे. प्रयागात मुंडन, काशीत धुंडिराज गणपतीसह एकेक देवस्थान धुंडाळत फिरायचं आणि गयेला पिंडदान. सवाष्ण बायकांचं मुंडन होत नाही. त्यांच्यासाठी मराठी घरांत वेणीदान आहे. हा विधी एकदा जवळून पाहावा. संगमाजवळ बायको बसते. नवरा तिच्या मागे बसून तिचे केस विंचरतो. बहुतेकांनी आयुष्यात कधी हातात फणी धरून दुसऱ्याचा गुंता सोडवलेला नसतो, त्यामुळे ओढाताण होते, ती "अहो, हळू" म्हणते, भोवतालच्या बायका सूचना देतात. मग तो जमेल तशी वेणी घालतो, फूल माळतो आणि शेवटचं बोटभर टोक कात्रीने कापतो. ते टोक हळदकुंकवासह त्रिवेणीत सोडायचं. इतरत्र पाण्यावर तरंगणारे केस संगमावर बुडतात, असं म्हणतात. तो भाग सोडा. पण पन्नाशी-साठीच्या जोडप्याला चारचौघांत इतक्या जवळ बसवणारा दुसरा विधी मला आठवत नाही. या सगळ्यात देऊळ कुठेही नाही, मूर्ती नाही, रांग नाही.

काशीत देवळं आहेत, आणि रगड आहेत. गंगास्नान, मणिकर्णिका, विश्वनाथ, अन्नपूर्णा, धुंडिराज. कालभैरव हा तिथला कोतवाल, त्याच्याकडे वर्दी दिल्याशिवाय मुक्काम पुरा होत नाही; त्याच्या देवळातला काळा गंडा हातात बांधून माणसं गावी येतात. हौस आणि पाय असतील तर पंचक्रोशी. सुमारे 80 किलोमीटरची ही प्रदक्षिणा पाच मुक्कामांत करतात. काशीत नुसतं राहणं हीसुद्धा उपासना मानली जाते. मरायला काशीला जाऊन राहिलेल्या मराठी म्हाताऱ्या माणसांची, विशेषतः विधवांची, एक मोठी वस्तीच ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत होती.

गया मात्र सर्वस्वी पितरांची. फल्गू नदीचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं दिसतं, वाळूत हाताने खड्डा केला की पाणी लागतं. सीतेच्या शापाने नदी गुप्त झाली अशी कथा सांगतात. तिथे, मग विष्णुपदावर आणि शेवटी अक्षयवटाखाली पिंड द्यायचे. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, आईकडची मंडळी. इथवर नात्यातलं झालं. पण गयेचे मंत्र इथे थांबत नाहीत. बांधव असोत वा नसोत, ज्यांचा वंश खुंटला, जे आगीत गेले, जे गर्भातच गेले, ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांच्याही नावाने पिंड दिला जातो. मित्र, गुरू, शेजारी, घरचे नोकर, कुणीही चालतं. शंका घेणारेही या ठिकाणी गप्प होताना दिसतात. आयुष्यात ज्यांचं काही देणं राहून गेलं अशा माणसांची नावं आठवून घ्यायला सवड देणारी दुसरी जागा आपल्याकडे क्वचितच असेल.

अक्षयवटाखाली एक आवडता पदार्थ कायमचा सोडायचा असतो. एक फळ, एक भाजी. काहीजण हे काशीतच करतात. "तुम्ही काशीत काय सोडलंत?" हा पुढच्या आयुष्यात जेवणाच्या पंगतीत हमखास येणारा प्रश्न. पूर्वी लोक आंबा सोडायचे. आता बरीच मंडळी रामफळ, नाहीतर घरात कधीच न येणारी एखादी भाजी सोडून येतात. कारलं सोडलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. शास्त्राप्रमाणे त्याचं चुकलं, पण सूनबाईंची सोय झाली.

शास्त्र मात्र हिशेबाला फार कडक आहे. पुराणांतली आणि निबंधग्रंथांतली, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनांतली, तीर्थफळाची गणितं वाचताना हसू येतं आणि धाकही वाटतो. वाहनात बसून गेलात तर अर्धं फळ गेलं. दुसऱ्या कामाने गेलात आणि जाता जाता तीर्थ केलंत, तरी अर्धंच. वाराणसीत ऑफिसची मीटिंग ठेवून संध्याकाळी गंगाआरती उरकणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी यात्रा केलीत तर तुम्हाला सोळावा हिस्सा. ज्याला जाताच येत नाही त्याची दर्भाची बाहुली करून त्याच्या नावाने तीर्थात बुडवली, तर त्याला आठवा हिस्सा मिळतो. आजारी आजीसाठी व्हिडिओ कॉलवर गंगा दाखवणाऱ्या नातवाने दर्भाची बाहुली पाहिलेली नसते, पण तो करतो ते त्याच जातीचं काम आहे. या अपूर्णांकांकडे पुण्याचा दरतक्ता म्हणून पाहिलं तर ते हास्यास्पद आहेत. त्यामागचा विचार पाहिला तर सरळ आहे: जितकं अंगावर घ्याल तितकं तुमचं. आणि एक वचन तर धाक घालण्यासाठीच आहे. इतरत्र केलेलं पाप तीर्थात धुऊन निघतं, पण तीर्थात केलेलं पाप वज्रलेप होतं, ते कशानेही सुटत नाही. घाटावर प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य सोडणाऱ्याच्या कानात हे कुणीतरी सांगायला हवं.

मग तीर्थ नेमकं कशात असतं? मूर्तीत? पाण्यात? जागेत? या प्रश्नाचं एक विलक्षण उत्तर सोळाव्या शतकात काशीतल्या एका मराठी पंडिताने देऊन ठेवलं आहे. नारायणभट्ट. त्यांचे वडील पैठणहून काशीला गेले होते. नारायणभट्टांनी त्रिस्थळी यात्रेवर यात्रेकरूंसाठी एक पद्धतशीर संस्कृत ग्रंथच लिहिला. विश्वेश्वराचं, म्हणजे विश्वनाथाचं, देऊळ वारंवार पाडलं गेलं होतं, त्यामुळे यात्रेकरूपुढे अडचण अशी की मूळ लिंग नसेल तर पूजा कुणाची करायची? नारायणभट्ट सांगतात, मूळ लिंगाच्या जागी माणसांनी आणून बसवलेलं दुसरं लिंग असेल तर त्याची पूजा करा. आणि राजसत्तेच्या जोरापुढे तिथे लिंगच नसेल तरीही प्रदक्षिणा, नमस्कार वगैरे त्या स्थानाचे जे धर्म आहेत ते पाळा. म्हणजे समोर काहीही नसताना नमस्कार. पुढे 1585 च्या सुमारास त्यांच्याच पुढाकाराने आणि तोडरमलाच्या आधाराने देऊळ पुन्हा उभं राहिलं, 1669 मध्ये औरंगजेबाने ते पाडलं, आणि 1780 च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी शेजारी आजचं देऊळ बांधलं. गयेचं विष्णुपद मंदिरही त्यांचंच. मधल्या शंभरेक वर्षांत काशीची यात्रा बंद पडली नव्हती, हे मला देवळाच्या इतिहासापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच्या नेमकी उलट गोष्ट गोव्यात घडली. त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळं मोडायला लागली तेव्हा मंगेशाचं लिंग 1560 मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदीपार प्रियोळला नेलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. तिथे जागा सुटली आणि देव राहिला. काशीत देव हलला आणि जागा राहिली. दोन्हीकडे यात्रा चालू राहिली, कारण दोन्हीकडे माणसं येत राहिली. मंगेशीला आणि कवळ्याला मुंबई-बेळगावाहून जाणारी कुटुंबं कुळाचा देव म्हणून जातात. मूळ गाव कुठलं होतं हे अनेकांना नीट सांगता येत नाही, पण घरात लग्नकार्य झालं की पाय तिकडे वळतात.

मराठी माणसाच्या बहुतेक यात्रा खरं तर याच प्रकारच्या आहेत. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, वणी. तिथे मोक्ष मागायला कुणी जात नाही. नवी सून दाखवायला, नातवाचं जावळ काढायला, बोललेला नवस फेडायला जातात. काशीच्या यात्रेत माणूस घर सोडतो. कुलदैवताच्या यात्रेत घरच घेऊन जातो.

ज्यांना काशी लांब पडते त्यांच्यासाठी काशी जवळ आणायचीही सोय आहे. गौतम ऋषींनी गोहत्येच्या पापातून सुटण्यासाठी गंगा त्र्यंबकला आणली, म्हणून गोदावरी ही गंगाच. नाशिकचा माणूस आजही "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो आणि रामकुंडावर जातो. दक्षिणकाशी तर पैठणही आहे, वाईही आणि कोल्हापूरही. यावरून तिथल्या लोकांत भांडण लागल्याचं ऐकिवात नाही. परळीचा वैजनाथ खरा ज्योतिर्लिंग की झारखंडातल्या देवघरचा, यावर मात्र लागतं.

जागेसारखीच वेळही तीर्थ बनवते. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ. गुरूला सूर्याभोवती फिरायला 11.86 वर्षं लागतात, म्हणून कुंभाचं चक्र साधारण 12 वर्षांचं. हा जो थोडा फरक उरतो तो साठत जातो आणि कधीतरी मेळा एक वर्ष अलीकडे येतो. हरिद्वारचा 2010 नंतरचा कुंभ म्हणूनच 2021 मध्ये झाला. नाशिकला 2015 नंतरचा मुख्य स्नानकाळ 2027 मध्ये येतो आहे.

आता पंढरपूर. मघाशी म्हटलं की यात्रेवरचा आक्षेप परंपरेच्या आतूनच आला. तो सर्वांत कठोर शब्दांत घेतला तुकोबांनी: "जाऊनियां तीर्था काय तुवां केलें । चर्म प्रक्षाळिलें वरीवरी ॥" तीर्थाला जाऊन केलंस काय, तर कातडी धुतलीस, तीही वरवर. आणि हेच तुकोबा पंढरीची वारी आपल्या घरातच असल्याचं अभिमानाने सांगतात. दोन्ही एकाच तोंडून कसं, याचं उत्तर पुंडलिकाच्या कथेत आहे. आईवडिलांची हेळसांड करून पुंडलिक काशीला निघाला. वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात उतरला आणि त्यांना काशीची वाट विचारली. मुनी म्हणाले, मी कधी गेलो नाही, मला ठाऊक नाही. पुंडलिकाला वाटलं, कसला हा साधू! रात्री त्याने पाहिलं तर गंगा, यमुना आणि सरस्वती मळक्या रूपात येऊन आश्रमाची झाडलोट करत होत्या, आणि लोकांनी त्यांच्यात सोडलेली पापं तिथे धुऊन उजळ होऊन परत जात होत्या. कारण तो मुनी घरी राहून आईबापांची सेवा करत होता. पुंडलिक परत फिरला, सेवेला लागला, आणि देव त्याला शोधत आला तेव्हा त्याने मागे न वळता वीट फेकली. महाराष्ट्राचं सर्वांत मोठं क्षेत्र अर्ध्यातून सोडलेल्या काशीयात्रेवर उभं आहे.

म्हणूनच वारीचा रिवाज निराळा. काशी जन्मात एकदा. वारी दर वर्षी, आणि ती चुकवायची नाही. तिथे मागायचं काही नाही, फेडायचं काही नाही. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. संतांच्या पादुका घेऊन चालायचं, म्हणजे आपण संतांच्या सोबत चाललो. आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. पण एवढं चालून पोचलेले कितीतरी वारकरी आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीवर डोकं, कळसाचं दर्शन, आणि माघारी. त्यांना विचारलं, "देव पाहिला नाहीत?" तर उत्तर मिळतं, "माउली, त्यो तर वाटंवर संगंच व्हता." दर्शन हा यात्रेचा एक भाग आहे असं मी वर म्हटलं. वारकऱ्याने तो भागही जवळजवळ रस्त्यातच उरकून टाकला.

राहता राहिलं परत येणं. त्याचाही विधी आहे, आणि तो आपण सर्वांत आधी विसरलो. काशीहून गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड झाळून आणायचं. घरी त्याची पूजा करायची आणि गाव जेवायला घालायचं, ते मावंदं. मावंदं झाल्याशिवाय यात्रा संपत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा पाहिला, पुन्हा पुन्हा लुटले गेले, मिळवलेलं सगळं गेलं. तरी त्यांनी गंगेची कावड खांद्यावरून कोकणात आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. पैसे आले नाहीत, पाणी आलं, आणि ती यात्रा पुरी झाली. ज्यांना आणखी बळ असे ते ते पाणी रामेश्वराला नेऊन वाहत, तिथली सेतूची वाळू घेत आणि ती प्रयागला नेऊन गंगेत सोडत. एका जन्मात एवढं क्वचितच जमे. बापाने काशी केली आणि मुलाने रामेश्वर, अशीही घरं असत.

तुम्ही येत्या थंडीत त्रिस्थळीला निघणार असाल तर एक गोष्ट जाण्यापूर्वीच करून ठेवा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या असतात. लांबोडक्या, कापडात गुंडाळलेल्या. जुनी पानं मोडीत. उपाध्ये आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग गोत्र, आणि दोन-चार वह्या चाळून तुमच्या खापरपणजोबांची सही पुढ्यात ठेवतात. वारसाच्या दाव्यांत हे लेख पुरावा म्हणून न्यायालयांपुढे गेले आहेत. त्याखाली तुम्ही तुमची नावं घालायची, मुलींचीसुद्धा घाला. आणि पिंडदानासाठी दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नावं लागतात. पुरुषांची सापडतात. पणजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, तिच्या सासूचं नाव विचारलं की घाटावर सगळे एकमेकांकडे बघतात आणि घरी फोन लावतात. तो फोन निघण्याआधीच, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंना, सवडीने करा आणि कागदावर लिहून घ्या.